वाचकांचे प्रश्न : अंगावरचं दूध आणि दवाखान्यातले पहिले दिवस

ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताहाचा. त्यानिमित्ताने सोलापूर शहर आणि तालुक्यांतून पत्रं मागवली होती. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच वाक्य आहे, ‘दूध येत नाही’. पत्र पुढे वाचत गेलं की दिसतं, दूध येत होतं. बाळ नीट धरलं जात नव्हतं, नाहीतर वेळेवर लावलं जात नव्हतं. बाळ नीट पितंय की नाही हे दवाखान्यात कुणी तरी शेजारी उभं राहून बघायचं असतं. उत्तरं देताना आम्ही फिरून फिरून तिथेच आलो आहोत.

प्रश्न : माझं सिझर झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत दूध आलं नाही म्हणून पावडरचा डबा आणायला सांगितला. जन्माच्या वेळी वजन २.९ किलो होतं, तिसऱ्या दिवशी २.६८ भरलं, तेव्हा सगळेच घाबरले. बाळ आता नऊ दिवसांचं आहे, दिवसातून चार वेळा पावडर घेतं. पुन्हा पूर्ण अंगावर येईल का? (जुळे सोलापूर)

बहुतेक येईल. नवव्या दिवशी विचारलंत हे बरं झालं, दीड महिन्यानंतर हेच काम अवघड होतं.

आधी दुसऱ्या दिवसाचं बघू. तेव्हा तुम्हाला दूध नव्हतं असं नाही, चीक होता. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण मागून खातो आणि बाईच्या चिकाला मात्र ‘अजून काही आलं नाही’ म्हणतो. तो घट्ट, पिवळसर आणि थोडाच असतो, कारण बाळाला तेवढाच लागतो. पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी २ ते १० मिली घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. चहाचा चमचा ५ मिलीचा, म्हणजे पहिल्या दिवशी अर्धा ते दोन चमचे. त्या वयात ३० मिली पावडरचं दूध पोटात गेलं की बाळ तीन-चार तास झोपतं, छातीला लागत नाही. जी छाती रिकामी होत नाही ती दूध बनवणं कमी करते. मग संध्याकाळी खरंच दूध कमी दिसतं आणि डबा आणायला सांगणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

तुमच्या बाळाचं वजन २२० ग्रॅमने, म्हणजे साडेसात टक्क्यांनी उतरलं. पहिल्या तीन-चार दिवसांत ७ टक्क्यांच्या आसपास वजन उतरणं नेहमीचं आहे. १० टक्के, म्हणजे तुमच्या बाळाच्या बाबतीत २९० ग्रॅम, ओलांडले की डॉक्टर काळजी करतात. त्यातही कळा चालू असताना किंवा सिझरच्या वेळी आईला बरंच सलाईन दिलं असेल तर त्यातलं थोडं पाणी बाळाच्या अंगात येतं, जन्माचं वजन जरा फुगून दिसतं आणि पहिल्या दिवशी लघवीवाटे उतरतं. सिझरनंतर दूध भरायलाही थोडा उशीर लागतो, कधी चौथा-पाचवा दिवस उजाडतो. साडेसात टक्क्यांवर डबा आणायचा नसतो. कुणी तरी शेजारी बसून बाळ कसं पितंय ते बघायचं असतं, आणि कमी पडत असेल तर हाताने चीक काढून चमच्याने द्यायचा असतो. बाळाची साखर उतरली, वजन फार घसरलं, लघवी होईना झाली, तर वरचं दूध लागतं. तेव्हा ते औषधासारखं मोजून द्यावं, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने.

आता पुढचं. पावडर एकदम बंद करू नका आणि पाणी जास्त घालून पातळही करू नका. काही घरांत हे ‘हळूहळू सोडवणं’ समजतात. त्यात बाळाचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि वजन मात्र घसरतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा आधी दोन्ही बाजूंना लावा, वरचं दूध नंतर. पाजून झाल्यावर दहा मिनिटं हाताने दूध काढा आणि पुढच्या वेळी पावडरऐवजी आधी तेच द्या. रात्रीचं पाजणं सोडू नका, दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. चारपैकी एक वेळ कमी करा, दोन दिवस थांबा, वजन करा. एकाच काट्यावर, उघड्या अंगाने. रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढत असेल तर दुसरी वेळ कमी करा. लंगोट मोजत राहा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि पिवळी शी, म्हणजे पोट भरतंय. बाळ दोन आठवड्यांचं होईपर्यंत वजन २.९ वर परत आलं नाही तर डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : सगळे म्हणतात, ‘नीट धर’. नीट म्हणजे कसं हे कुणी सांगत नाही. दोन्ही बाजूंना चिरा पडल्या आहेत, पाजताना डोळ्यांत पाणी येतं. (शेळगी)

‘नीट धर’ हा खरोखरच निरुपयोगी सल्ला आहे. एकेक गोष्ट घेऊ.

आधी तुमची पाठ टेकलेली हवी. पुढे वाकून छाती बाळाकडे नेऊ नका, बाळ छातीकडे आणा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पाणी पिऊन बघा, बाळाची अडचण कळेल. हात त्याच्या मानेखाली आणि खांद्यांमागे ठेवा, डोक्याच्या मागून ढकलू नका, ढकललं की बाळ उलट मागे रेटतं. नाक स्तनाग्रासमोर येईल इतकं त्याला खाली धरा. स्तनाग्राने वरचा ओठ हलकेच चाळवा आणि थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते. तोंड जरासं उघडलं की आत घातलं जातं आणि मग बाळ फक्त टोक चोखतं. जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा आणि तेव्हा एका झटक्यात बाळाला जवळ घ्या, हनुवटी आधी टेकेल अशी.

बरोबर लागलं की हनुवटी छातीत रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो, खाली जवळजवळ नाहीच. गाल फुगलेले असतात, आत खळी पडत नाही. सुरुवातीला भराभर चोखणं, पान्हा फुटला की संथ; एक-दोन चोख, मग हनुवटी क्षणभर थांबते आणि गिळल्याचा बारीक आवाज येतो. टक्‌टक् असा चुटकीसारखा आवाज येत असेल तर पकड सुटते आहे. पाजून झाल्यावर स्तनाग्राचा आकार बघा. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखा तिरपा चपटा असेल तर ते बाळाच्या टाळूवर घासलं जातंय. चिरा त्यानेच पडतात.

त्यामुळे मलमाने चीर भरली तरी पकड तशीच राहिली तर ती पुन्हा पडणार. दुखायला लागलं की ओढून काढू नका; स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि परत लावा, पाच वेळा करावं लागलं तरी. पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब चिरेवर लावून वाळू द्या. साबण लावू नका. टाक्यांवर भार येत असेल तर बाळ काखेखालून घ्या, पाय तुमच्या पाठीकडे, किंवा कुशीवर झोपून पाजा.

डिस्चार्जच्या आधी सिस्टरांना सांगा, ‘लावल्यापासून सोडेपर्यंत एकदा बघा.’ पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. वॉर्डात एका सिस्टरकडे किती बाया असतात ते आम्हाला माहीत आहे, तरीही मागा.

प्रश्न : स्तनाग्रं आत ओढलेली आहेत. बाळाला पकडच येत नाही. बाटलीचं निपल वरून लावून पाजू का? (मोहोळ)

नको. त्याने दूध नीट ओढलं जात नाही आणि बाळाला रबराची सवय लागते. बाळ स्तनाग्र नाही, भोवतालचा काळा भाग धरून पितं, त्यामुळे बहुतेकींचं जमतं. मदतीला सिरिंज आहे. छाती मोठी नसेल तर १० मिलीची, नाहीतर २० मिलीची नवी सिरिंज घ्या. सुई लावायच्या बाजूचं टोक ब्लेडने कापा, दट्ट्या बाहेर काढून कापलेल्या बाजूने आत घाला. दुसरी बाजू कारखान्यातून आलेली गुळगुळीत असते, तीच अंगाला लावायची. कापलेली धारदार बाजू कधीच नाही. दट्ट्या हळू ओढा, दुखेल इतका नाही, अर्धा ते एक मिनिट धरा, सोडा. हे बाळंत झाल्यावर, प्रत्येक वेळी पाजण्याच्या जरा आधी करायचं. पहिल्या वेळी सिस्टरांकडून करून घ्या.

प्रश्न : घरी आल्यावर चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, ताप ९९.५. आई म्हणते गरम शेक दे, बाळाला तोंडच लावता येत नाही. (अक्कलकोट)

दूध तटलं आहे. छातीत नुसतं दूध साठलेलं नाही, भोवती सूजही आहे, म्हणून सारखा गरम शेक दिला की सूज वाढते. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट फडकं चालेल, पाजून झाल्यावर गार पाण्याचं.

बाळाला तोंड लावता येईल असं आधी करायचं. दोन्ही हातांची बोटं स्तनाग्राच्या मुळाशी गोलाकार ठेवा आणि सरळ आत, फासळ्यांच्या दिशेने, एक मिनिट सलग दाबून धरा. नखं कापलेली हवीत. सूज मागे सरते, काळा भाग मऊ होतो. लगेच बाळ लावा. तरी नाही लागलं तर मऊ होण्यापुरतं हाताने काढा. पूर्ण पिळून काढत बसलात तर छातीला वाटतं मागणी वाढली आहे, आणि उद्या आणखी तटतं. जोरात चोळू नका, तेल लावूनही नाही. एकाच बाजूला लाल चट्टा, थंडी वाजून १०१ च्या वर ताप, एक दिवसात उतार नाही, असं झालं तर डॉक्टरांकडे जा. प्रतिजैविक लागेल, पण त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं. तुंबलं तर पू होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : आमचं बाळ ३१ आठवड्यांचं, १.४ किलोचं, सिव्हिलमध्ये पेटीत आहे. बायको वॉर्डात. डॉक्टर म्हणतात आईचं दूध आणा. बाळ चोखत नाही तर दूध येणार कुठून? आणि मी काय करू? (एक वडील, नीलम नगर)

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना जमतो, म्हणून सध्या बाळाला तोंडातून पोटात घातलेल्या नळीने दूध देतील. साधारण ३२ आठवड्यांनंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, मग अंगावर. तोपर्यंत बाळाच्या जागी हात. बाळंतपणानंतर पहिल्या तासाभरात, उशीर झालाच तर सहा तासांच्या आत काढायला सुरुवात व्हावी. ती वेळ गेली असेल तर हे पत्र वाचाल तेव्हापासून.

पद्धत अशी. हात साबणाने धुवायचे. स्टीलची वाटी पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळलेली. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं कातडीवर घसरता कामा नयेत. घसरली तर कातडी सोलवटते आणि दूध येत नाही. दोन-तीन मिनिटं काही दिसणार नाही, थांबायचं नाही. धार मंदावली की बोटं फिरवून दुसऱ्या भागावर, मग दुसरी बाजू. असं आलटून पालटून २० ते ३० मिनिटं, २४ तासांत आठ वेळा, त्यातली एक तरी मध्यरात्रीनंतर. पहिल्या दिवशी सिरिंजमध्ये अर्धा मिली आला तरी फेकू नका. तो कापसाने किंवा थेंब-थेंब बाळाच्या गालांच्या आतून लावतात, आणि पहिले नळीचे घासही १-२ मिलीचेच असतात. पुढे पूर्ण दुधावर आल्यावर दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली लागतं. तुमच्या बाळाला २१० मिली, दर दोन तासांनी दिलं तर एका वेळी साडेसतरा. आईचं दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाला ५०० मिलीपर्यंत पोचावं असा प्रयत्न ठेवा. आज लागतं त्यापेक्षा जास्त, कारण बाळ वाढणार आहे आणि सुरुवातीला जेवढं बनवायची सवय लागते तेवढंच पुढे टिकतं.

आता तुमचं काम. वाटी उकळणं, वेळ लिहिणं, दूध नेणं. वाटीवर आईचं नाव, तारीख, वेळ असलेली पट्टी. साधारण २५ अंशांच्या खोलीत दूध चार तास टिकतं; सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत वॉर्डात २५ अंश असतात असं कुणी म्हणणार नाही, तेव्हा काढल्या काढल्या द्या किंवा फ्रिजमध्ये ठेवा, मागच्या बाजूला, दारात नाही, आणि २४ तासांत वापरा. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवून. गॅसवर किंवा मायक्रोव्हेवमध्ये नाही.

आणि डॉक्टरांनी होकार दिला की कांगारू पद्धत. बाळ फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे फाकलेले, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, वरून पट्टा किंवा साडीचा घट्ट वेढा. एका बैठकीला निदान तासभर, एकूण दिवसाला आठ तासांपासून जमेल तितकं. हे बापालाही करता येतं. आई बाळाला छातीशी धरून बसली की नंतरच्या काढण्यात बहुतेकदा दूध जास्त निघतं, म्हणून वाटी हाताशी ठेवा.

आईचं दूध कमीच पडलं तर मिल्क बँकेतलं दूध हा पावडरच्या आधीचा पर्याय. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये सुरू झाली. दात्या आईची एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोग अशा तपासण्या करून दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून गोठवतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं दूध परस्पर वाटीत घेऊ नका, भावना कितीही चांगली असो.

प्रश्न : आमच्या वेळी पहिलं दूध पिळून टाकायचे, मध चाटवायचे. आता सून काहीच करू देत नाही. उन्हाळ्यात पाणीही नाही. लेकराचा घसा कोरडा पडत नसेल का? (एक आजी, बाळे)

काकू, तुमची काळजी रास्त आहे, मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पण अंगावरच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, आणि पाजायला घेतल्यावर सुरुवातीचं दूध आणखी पातळ येतं. तहान लागली की बाळ मधूनच थोडं थोडं पितं. तेच त्याचं पाणी. वरचं पाणी दिलं की पोट त्याने भरतं, दूध कमी प्यालं जातं, आणि पाणी दूषित असेल तर जुलाब. सहा महिने काहीही नाही, पाणी नाही, घुटी नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब (रोज ४०० युनिट) तेवढे द्यायचे. मधाचं म्हणाल तर त्यात एका जंतूचे बीज असू शकतात, जे मोठ्यांना बाधत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून अंग लुळं पाडू शकतात. वर्षभर मध नाही.

तुमच्या हाताला दुसरं काम आहे. पाणी सुनेला पाजा. दूध पाजायला बसली की तांब्या तिच्याजवळ ठेवा. तिला नेहमीपेक्षा दिवसाला सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात: दीड-दोन भाकरी, वाटीभर डाळ, शेंगदाण्याची चटणी, हळिवाची खीर. हळीव-डिंकाने दूध ‘येतं’ असं नाही, पण ताकद येते. लाडू भरवून बाळ लावलं नाही तर लाडवाचा उपयोग तिच्या वजनाला. आणि खोली बंद करून धुरी-शेक उन्हाळ्यात नको.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. मिश्री लावायची सवय आहे. दूध पाजलं तर चालेल? (विडी घरकुल)

पाजा. मिश्री सोडा, पण मिश्री सुटत नाही म्हणून पाजणं सोडू नका. तंबाखूतलं निकोटिन दुधात उतरतं, बाळ चिडचिडं होतं, झोपत नाही, आणि दूधही कमी होऊ शकतं. एकदम जमत नसेल तर आधी पाजून मग लावा. दीड-दोन तासांत दुधातलं निकोटिन निम्म्यावर येतं. विड्या वळायला वेगळा झगा किंवा जुनी साडी ठेवा, पाजायच्या आधी ती बदला, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. सुपाशेजारी झोळी बांधू नका, तंबाखूची भुकटी हवेत असते.

प्रश्न : सातवा महिना लागला आहे. नाव कुठे घालायचं ते ठरवतोय. पाजण्याच्या बाबतीत दवाखान्याला काय विचारावं? (होटगी रोड)

इमारत बघू नका, हे विचारा. बाळ पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवता का, आणि तासभर ठेवता का, की वजन-अंघोळ-फोटोसाठी नेता? सिझरमध्ये कमरेत भूल दिलेली असेल तर बाळ टेबलावरच किंवा बाहेर आल्या आल्या छातीशी देता का? बाळ रात्री आईजवळ असतं का, की वेगळ्या खोलीत? वरचं दूध द्यायची वेळ आली तर कारण केसपेपरवर लिहिता का, आणि कशाने पाजता? बाटली असं उत्तर आलं तर थोडं सावध व्हा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बेबी फ्रेंडली हॉस्पिटलची मोहीम सुरू केली, तिच्या दहा पायऱ्यांत हेच आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०१६ पासून केंद्र सरकारचा ‘माँ’ कार्यक्रम तेच सांगतो.

भिंतीवर पावडरच्या कंपनीचं कॅलेंडर, टेबलावर तिचं पेन, किंवा डिस्चार्जच्या पिशवीत फुकटचा डबा दिसला तर तो नुसता वाईट शिष्टाचार नाही. १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात, मोफत नमुने आणि दवाखान्यातला प्रचार यांवर बंदी आहे. डबा घेऊ नका.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. सिझर असेल तर सातव्यापासून. पत्ता माहेरचा देणार असाल तर तिथल्या आशाताईंना आधीच कळवा, सासर-माहेरच्या मध्ये ही नोंद हमखास हरवते. पिशवीत पुढून उघडणारे दोन गाऊन, झाकणाच्या दोन स्टीलच्या वाट्या, लहान चमचा, बाळाची टोपी आणि चिकटपट्टी-पेन घाला. बाटली घालू नका. पिशवीत असली की रात्री दोन वाजता ती निघतेच.